मेज, मेज़ा आणि मेजवानी : एका ध्वनिसाम्याची चिकित्सा

१

'मेजवानी' हा शब्द कसा बनला असावा, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित मराठी माणसास केला, तर तो बहुधा न थांबता उत्तर देईल की मेजावर वाढलेले जेवण ती मेजवानी. या उत्तरात वरवर पाहता काहीच खटकत नाही. 'मेज' हा शब्द परिचित आहे, जेवणाचा आणि मेजाचा संबंध आता घरोघर दिसतो, आणि उरलेला 'वानी' हा कसलातरी प्रत्यय असेल असे मानून पुढे जाता येते. पोर्तुगीज इतिहासाशी परिचय असलेला दुसरा कोणी याच उत्तरात भर घालील. मेजाला पोर्तुगीज भाषेत 'मेज़ा' म्हणतात. बटाटा, पाव, कोबी, चावी, पगार, लिलाव हे शब्द जसे पोर्तुगीजांकडून आले तसाच हाही आला. तेव्हा मेज पोर्तुगीज आणि मेजवानीही पोर्तुगीज. संस्कृताभिमानी असा तिसरा कोणी या दोघांनाही बाजूस सारून 'मेध' किंवा 'यजमान' या शब्दांकडे बोट दाखवील आणि परकीय वाटणारा हा शब्द मुळात आपलाच आहे असे सांगेल.

ही तीन उत्तरे परस्परविरोधी असली तरी त्यांच्यामागील दोष एकच आहे. तिघेही शब्दांच्या बाह्य सारखेपणापासून निघतात आणि त्या सारखेपणातच थांबतात. व्युत्पत्तिशास्त्राचे काम सारखेपणा दिसल्यानंतर सुरू होते, ही गोष्ट तत्त्वतः सर्वांस मान्य असते. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ती विसरली जाते. 'मेज' आणि 'मेजवानी' या जोडीची तपासणी या दृष्टीने बोधप्रद आहे. तीत खरे आप्त एकमेकांस ओळखू येऊ नयेत इतके दूर गेले आहेत, आणि ज्यांचे नाते नाही ते मात्र जुळ्या भावांसारखे शेजारी उभे आहेत.

(पुढील विवेचनात 'ज़' या नुक्तायुक्त चिन्हाने फारसी, अवेस्ता व पोर्तुगीज या भाषांतील सघोष घर्षक व्यंजन दर्शविले आहे. मराठीत हे व्यंजन 'रोज', 'बाजू' या शब्दांतील दंततालव्य 'ज'च्या रूपाने येते, आणि 'मेज' व 'मेजवानी' या शब्दांतील 'ज'ही त्याच जातीचा आहे.)

२

पहिली कसोटी शब्दाची नव्हे, वस्तूची. शब्दाचा इतिहास वस्तूच्या इतिहासापासून तोडता येत नाही, हा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभी ह्यूगो शुखार्ट व रुडोल्फ मेरिंगर या ऑस्ट्रियन पंडितांनी धरला, आणि १९०९ मध्ये 'शब्द आणि वस्तू' याच नावाचे जर्मन नियतकालिक निघाले. मेजवानीच्या बाबतीत हा आग्रह फार उपयोगी पडतो.

अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात 'मेजवानी' हा शब्द दरबारी सत्काराच्या अर्थी येतो. सरदाराला मेजवानी दिली जाते, वकिलाला मेजवानी होते, वस्त्रे व विडे दिले जातात. या प्रसंगी लोक कशावर बसत? पाटावर. ताट कशावर असे? जमिनीवर, फार तर चौरंगावर. पंगत, पत्रावळ, रांगोळी आणि उदबत्ती हा त्या जेवणाचा सरंजाम होता. चार पायांच्या उंच फळीला त्यात स्थान नव्हते. ज्या फारसी दरबारांच्या रिवाजातून हा शब्द मराठीत आला, तेथेही जेवण जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानावर होत असे. दस्तरखान म्हणजे कापड, मेज नव्हे. याचा अर्थ असा की, जिथे मेजवानी होती तिथे मेज नव्हते. मेजाभोवती बसून जेवण्याची रीत आपल्याकडे पसरण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणसे मेजवान्या झोडीत होती.

एवढ्यावरून 'मेजावरचे जेवण' ही कल्पना उत्तरकालीन ठरते. मेज घरात आल्यावर, शब्दातील पहिली दोन अक्षरे ओळखीची वाटू लागल्यावर, लोकांनी शब्दाला नवा अर्थ जोडला. ही लोकव्युत्पत्ती होय. लोकव्युत्पत्ती हा भाषेच्या जिवंतपणाचा पुरावा आहे, म्हणून ती तुच्छ नव्हे. पण ती शब्दाच्या आजच्या आकलनाचा पुरावा आहे, त्याच्या जन्माचा नव्हे.

३

दुसरी कसोटी घटनेची. 'मेजवानी' हा शब्द 'मेज + वान + ई' असा फोडावा लागतो. अखेरचा 'ई' हा फारसीतून आलेला भाववाचक प्रत्यय आहे. 'दोस्त' पासून 'दोस्ती', 'गरीब' पासून 'गरिबी', तसेच 'मेजवान' पासून 'मेजवानी'. म्हणजे विचार करावयाचा तो 'मेजवान' या शब्दाचा. फारसीत त्याचे रूप 'मेज़बान' असून अर्थ 'पाहुणचार करणारा, यजमान' असा आहे. त्याला भाववाचक 'ई' लागून झालेल्या 'मेज़बानी'चा मूळ अर्थ यजमानपण, आतिथ्य. हिंदी-उर्दूत हा अर्थ अजून टिकला आहे. मराठीत मात्र भाववाचक नामाचे पदार्थवाचक नाम झाले. आतिथ्य हा गुण मागे पडून आतिथ्यात जे खाऊ घातले जाते ते जेवण पुढे आले.

'बान' हा फारसी प्रत्यय 'राखणारा, सांभाळणारा' या अर्थाचा आहे. बाग सांभाळणारा तो 'बाग़बान', दार राखणारा तो 'दरबान'. प्राचीन इराणी 'पान' या रूपापासून तो आला असून त्याच्या मुळाशी 'रक्षण करणे' या अर्थाचा 'पा' धातू आहे. संस्कृतातील 'पा रक्षणे' हा त्याचा सख्खा भाऊ. 'गोप', 'भूप', 'नृप' या शब्दांतील 'प' हे त्याचेच रूप. मराठीत या प्रत्ययातील 'ब'चा पुष्कळदा 'व' झाला : बाग़बान–बागवान, दरबान–दरवान, मेज़बान–मेजवान. 'मेहेरबान'सारख्या शब्दांत तो 'ब'च राहिला.

याच ठिकाणी पहिला चकवा आहे. 'ब'चा 'व' होताच हा प्रत्यय संस्कृत 'धनवान', 'गुणवान', 'बलवान' या शब्दांतील 'वान'सारखा दिसू लागतो. हा संस्कृत 'वान' म्हणजे 'वत्' या मत्वर्थीय प्रत्ययाचे पुल्लिंगी प्रथमेचे रूप. त्याचा अर्थ 'युक्त, असलेला'. धनवान म्हणजे धन असलेला. बागवान म्हणजे बाग असलेला नव्हे, बाग राखणारा. बागेचा धनी एक असतो आणि बागवान दुसरा असतो, हे व्यवहारात सर्वांस ठाऊक आहे, तरीही शब्दांच्या यादीत दोन्ही 'वान' एकाखाली एक मांडलेले आढळतात. दोन प्रत्यय, दोन धातू, दोन अर्थ. मराठी उच्चारात मात्र एकच रूप. 'गाडीवान' या शब्दात कोणता 'वान' आहे, असे विद्यार्थ्यांस विचारावे. अर्थ राखणाऱ्याकडे झुकतो, म्हणून उत्तरही तिकडेच झुकते.

४

आता पहिल्या घटकाकडे वळता येते. मेजवान जर 'मेज'चा राखणदार असेल, तर हे 'मेज' म्हणजे काय?

अवेस्ता ग्रंथात 'मियज़्द' असा एक शब्द आहे. यज्ञात अर्पण करावयाचे खाद्य, आणि ते ज्यात ग्रहण केले जाते ते धार्मिक भोजन, असा त्याचा अर्थ. ही संस्था आजही जिवंत आहे. मुंबईच्या पारशी कुटुंबांत होणाऱ्या जशनविधीत फळे, फुले, दूध इत्यादी पदार्थ मांडले जातात, त्या अर्पणाची परंपरा या शब्दाशी निगडित आहे. मध्य-इराणी काळात या शब्दाचे रूप 'मेज़्द' असे झाले. जुन्या फारसी काव्यात 'मयज़्द' हा शब्द मद्यपानाच्या बैठकीसाठी, मेजवानीसाठी येतो. म्हणजे अर्थ धार्मिक अर्पणाकडून लौकिक भोजनाकडे सरकला.

'मेज़्द' आणि 'बान' यांचा समास झाला म्हणजे 'ज़', 'द' आणि 'ब' ही तीन व्यंजने सलग येतात. अशा वेळी मधले व्यंजन गळणे हे सर्वत्र आढळणारे कार्य आहे. मराठीतही फारसी 'मज़्दूर' या शब्दातील 'द' गळून 'मजूर' झाला. म्हणून 'मेज़्दबान' पासून 'मेज़बान'. आतिथ्यभोजनाचा राखणदार, तो यजमान. हा शब्द किती जुना आहे, याचा पुरावा फिर्दौसीच्या शाहनाम्यात आहे. त्या महाकाव्यातील बहराम गूरच्या कथांत राजा वेश पालटून सामान्य प्रजाजनांच्या घरी उतरतो, आणि ज्यांच्या घरी उतरतो त्यांना कवी 'मेज़बान' म्हणतो. शाहनामा १०१० च्या सुमारास पूर्ण झाला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. या दोन तारखांत जवळजवळ पाच शतकांचे अंतर आहे. 'मेजवानी' या शब्दाचा पोर्तुगीज जन्म एवढ्याने रद्द होतो.

५

'मियज़्द' या अवेस्ता शब्दाला संस्कृतात प्रतिरूप आहे काय? आहे, पण सहज दिसेल अशा जागी नाही. ऋग्वेदात 'मियेध' हा विरळ शब्द हविष्यान्न किंवा यज्ञीय भोजन या अर्थी येतो, आणि त्यापासून झालेले 'मियेध्य' हे विशेषण अग्नीला लावलेले आढळते. अभिजात संस्कृतात हा शब्द लुप्त झाला. 'मियज़्द' आणि 'मियेध' यांचा संबंध केवळ कानाला जाणवणारा नाही. तो नियमाने बांधलेला आहे. भारत-इराणी मूळ भाषेत 'अ' नंतर 'ज़्' आणि त्यापुढे 'द' किंवा 'ध' आला, तर अवेस्तेत तो 'ज़्' टिकतो. संस्कृतात तो लोपतो आणि मागील 'अ'चा 'ए' होतो. याची उदाहरणे पाहावीत :

अवेस्ता 'मज़्दा' — संस्कृत 'मेधा'.
अवेस्ता 'नज़्दिश्त' — संस्कृत 'नेदिष्ठ'.
अवेस्ता 'मियज़्द' — संस्कृत 'मियेध'.

'नज़्दिश्त' व 'नेदिष्ठ' या दोहोंचा अर्थ 'सर्वात जवळचा'. फारसी 'नज़्दीक' त्याच कुळातील, आणि मराठीतील 'नजीक' हे त्याचेच रूप. 'अस्' धातूच्या आज्ञार्थाचे 'एधि' हे रूप पाणिनीय पद्धतीने साधताना विद्यार्थ्याला जी खटपट करावी लागते, तिच्यामागेही हेच ऐतिहासिक कार्य आहे. चार निरनिराळ्या शब्दांत एकच बदल एकाच परिस्थितीत घडतो, तेव्हा त्याला नियम म्हणावयाचे. सारखेपणा आणि नियमबद्ध संवाद यांतील हा भेद आहे. 'मज़्दा' आणि 'मेधा' हे शब्द कानाला फारसे सारखे लागत नाहीत, तरी ते एक आहेत. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' हे शब्द रूपाने आणि अर्थाने दोन्ही बाजूंनी जुळतात, तरी त्यांचे कसलेही नाते नाही.

येथवर आलेल्या वाचकास एक मोह होणे स्वाभाविक आहे. मियेध जर वैदिक असेल, तर मेजवानी संस्कृतोत्पन्न का म्हणू नये? या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. 'मियेध' हा 'मेज़्द'चा भाऊ आहे, बाप नव्हे. मराठीत हा शब्द मियेधापासून प्राकृतमार्गे उतरलेला नाही. तसे असते तर त्याचे रूप वेगळे झाले असते आणि त्यात 'ज' आला नसता. तो इराणी शाखेत वाढला, फारसीच्या अंगणात त्याला 'बान' प्रत्यय लागला, आणि बहमनी राज्याच्या स्थापनेनंतर (१३४७) दख्खनेत जी फारसी कारभाराची भाषा झाली तिच्यामार्फत तो मराठीत आला. सगोत्र असणे आणि उत्पन्न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद केवळ परिभाषेचा नाही. मराठीत शब्दांच्या जन्मावरून त्यांना घरात ठेवावे की बाहेर काढावे, असा वाद पुन्हा पुन्हा झाला आहे. शिवकालात रघुनाथ पंडिताने 'राज्यव्यवहारकोश' रचून फारसी-अरबी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. माधव जूलियन, म्हणजेच माधव त्रिंबक पटवर्धन, यांनी १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला, आणि त्याच विद्वानाने १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांच्या त्यागाचा पुरस्कार केला. या वादात कोणाची बाजू घ्यावी हा भाषानीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर व्युत्पत्तीने द्यावयाचे नसते. व्युत्पत्तीचा धोका दुहेरी आहे. शब्द काढून टाकण्यासाठी त्याला परका ठरविणे हा जसा अतिरेक, तसाच तो ठेवून घेण्यासाठी त्याला ओढूनताणून संस्कृत ठरविणे हाही अतिरेक. दुसरा अतिरेक अधिक फसवा, कारण तो पांडित्याच्या वेषात येतो. मेजवानी मराठी आहे, कारण मराठी माणसांनी तिला शतकानुशतके वापरले आणि तिचा अर्थ आपल्या पंक्तीला जुळेल असा बदलून घेतला. यासाठी तिला वेदाचा दाखला लागत नाही.

६

आता 'मेज'. या शब्दाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि येथेच खरा जोडीदार, पोर्तुगीज 'मेज़ा', पुढे येतो. लॅटिनमध्ये मेजाला 'मेन्सा' म्हणत. 'मापणे' या अर्थाच्या धातूच्या 'मापलेले' अशा रूपाशी तो जोडला जातो. संस्कृत 'मा' धातूशी त्या लॅटिन धातूचे नाते आहे. उत्तरकालीन बोलीतील लॅटिनमध्ये 'स'च्या आधीचा 'न' गळाला, आणि स्पॅनिश व पोर्तुगीज या दोन्ही भाषांत 'मेसा' असे लेखन स्थिर झाले. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधील 'स' सघोष उच्चारला जातो, म्हणून उच्चार 'मेज़ा'. अशा रीतीने 'मापलेली फळी' आणि 'यज्ञातील नैवेद्य' या दोन अगदी भिन्न कल्पना, लॅटिन आणि इराणी या दोन दूरच्या शाखांतून चालत येऊन, म-ए-ज़ या एकाच ध्वनिमालेत आणि अन्नाच्या एकाच परिसरात येऊन भेटल्या. हा योगायोग विरळ आहे, आणि म्हणूनच तो फसवितो.

मराठी 'मेज' यांपैकी कोणाचे? नुसत्या रूपावरून निर्णय होत नाही. पोर्तुगीज शब्दातील अंत्य 'आ' मराठीत गळेल काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु पोर्तुगीज 'पिपा' या स्त्रीलिंगी शब्दापासून मराठीत 'पीप' किंवा 'पिंप' झाले आणि ते नपुंसकलिंगी झाले. 'ते मेज' हे नपुंसकलिंगी रूप त्याच्याशी जुळते. पण फारसीत नामांना लिंगच नसल्यामुळे फारसी 'मेज़'लाही मराठीने नपुंसकलिंग देणे अशक्य नव्हते. हिंदीने त्याच शब्दाला स्त्रीलिंग दिले. स्वरावरूनही निवाडा होत नाही. आज इराणमध्ये 'मीज़', 'मीज़बान' असा उच्चार होतो. हिंदुस्थानच्या फारसीने जुना 'ए' जपला. इराणमध्ये सिंह आणि दूध या दोहोंना आता 'शीर'च म्हणतात. इकडे सिंह 'शेर' राहिला आणि दूध 'शीर', जे शीरखुर्म्यात टिकले आहे. म्हणून मराठीतील 'ए' फारसीशी विसंगत नाही, आणि पोर्तुगीजशीही नाही. गुजरातीत 'मिजबानी' असे रूप आहे, तेही येथे लक्षात घ्यावे.

रूप थांबते तेथे पुन्हा वस्तूकडे जावे लागते. फारसी कोशकारांनी 'मेज़' या शब्दाखाली मेज या अर्थाबरोबर 'पाहुणा' आणि 'पाहुणचाराचे साहित्य' असेही अर्थ नोंदविले आहेत. यावरून असे दिसते की 'मेज़बान' या समासातून पूर्वपद मोकळे झाले आणि त्याला आतिथ्याच्या परिसरातील एक सैल, अनिश्चित अर्थ राहिला. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला; वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ मधील मराठ्यांच्या विजयापर्यंत होती; होर्मूझच्या सामुद्रधुनीवरही त्यांची सत्ता १६२२ पर्यंत राहिली. ज्या किनाऱ्यांवर फारसी व्यवहार चालत होता, त्याच किनाऱ्यांवर उंच मेज आणि त्याचे 'मेज़ा' हे नाव येऊन पोहोचले. सैल अर्थाचा जुना शब्द आणि ठाम अर्थाची नवी वस्तू यांची अशा ठिकाणी गाठ पडणे ही अगदी संभाव्य घटना आहे. कोकणीतील 'मेज' पोर्तुगीज मानावे, कारण गोव्यातील गृहरचनेचा शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणावर तिकडूनच आला. घाटावरील मराठीतील 'मेज' मुख्यतः फारसी-हिंदुस्थानी वाटेने आले असे मानावे. आणि या दोन प्रवाहांनी एकमेकांस बळ दिले, हे दोहोंच्या बाबतीत मान्य करावे. एका शब्दाला एकच उगम असतो, हा आग्रह नद्यांच्या बाबतीतही खरा ठरत नाही.

या निर्णयाची बळकटी तुलनेने वाढते. 'कमीज' हा शब्द अरबी 'क़मीस'पासून की पोर्तुगीज 'कमिज़ा'पासून? 'साबण' अरबी 'साबून'पासून की पोर्तुगीज 'सबांव'पासून? येथेही दोन दावेदार आहेत; पण ते मुळात एकाच घरचे आहेत. 'कमिसिया' आणि 'सापो' या उत्तरकालीन लॅटिनमध्ये रूढ असलेल्या शब्दांपासून अरबी व पोर्तुगीज या दोन्ही रूपांचा उगम आहे. अरबी 'क़मीस' कुराणातील युसुफाच्या कथेत येतो, म्हणजे तो सातव्या शतकापासून अरबीत आहे. म्हणून कमीज आणि कमिज़ा हे एकाच घरातून दोन दरवाजांनी बाहेर पडलेले शब्द. मेज़ आणि मेज़ा हे दोन घरांतून निघून एकाच दरवाजात भेटलेले शब्द. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात. इतिहास पाहणाऱ्यास त्या एकमेकींच्या उलट आहेत.

याच मालिकेत आणखी एक चकवा ध्यानात ठेवावा. पुण्यात किंवा मुंबईत शिकावयास आलेला विद्यार्थी 'मेस लावतो'. ही 'मेस' इंग्रजीतून आली. इंग्रजीत ती जुन्या फ्रेंचमधील 'मेस' या शब्दापासून आली, आणि त्या शब्दाचा संबंध लॅटिनमधील 'पाठविणे, ठेवणे' या अर्थाच्या धातूशी आहे. समोर आणून ठेवलेला पदार्थ तो 'मेस'. तिचा 'मेन्सा'शी संबंध नाही, 'मियज़्दा'शीही नाही. मेज, मेजवानी आणि मेस या तिन्ही शब्दांचा अन्नाशी संबंध असावा, तिन्ही 'मे'ने सुरू व्हावेत, आणि तिघांची कुळे वेगळी असावीत, यापेक्षा अधिक चांगला धडा पाठ्यपुस्तकासाठी रचूनही मिळणार नाही.

७

'मेजवान' हा शब्द मराठीत फारसा उरला नाही. त्याच्या जागी 'यजमान' आला. क्रीडास्पर्धांच्या वार्तांत हिंदी वृत्तपत्रे 'मेज़बान देश' लिहितात, तेथे मराठी वृत्तपत्रे 'यजमान देश' लिहितात. 'यजमान' हे 'यज्' धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित. स्वतःच्या फलासाठी यज्ञ करविणारा तो यजमान. त्याच्या घरी ऋत्विज येत, त्यांना भोजन व दक्षिणा मिळे, आणि यावरून घरी आलेल्याचे आतिथ्य करणारा तो यजमान झाला. 'मेजवान' आणि 'यजमान' यांत ध्वनींचे जे थोडे साम्य आहे ते निरर्थक आहे. पण त्यांच्या अर्थाच्या इतिहासात जे साम्य आहे ते खरे आहे. एकात यज्ञ करणारा, दुसऱ्यात यज्ञातील अन्न सांभाळणारा. दोघेही अखेर पाहुण्याला जेवू घालणारे गृहस्थ झाले. देवाला अर्पण आणि अतिथीला अन्न या दोन गोष्टी ज्या समाजांत एकाच कर्तव्याची दोन अंगे होत्या, त्यांच्या भाषांनी हा मार्ग स्वतंत्रपणे चोखाळला. ध्वनिसाम्याच्या मागे धावणारा नेमका हा धागा गमावतो, कारण तो कानाने शोधतो आणि हा धागा अर्थात आहे.

फारसी 'मेहमान' या शब्दाविषयीही सावध राहावे. 'मेज़बान' आणि 'मेहमान' ही यजमान-पाहुण्याची जोडी यमकबद्ध आहे, म्हणून ती एकाच साच्यातून निघाली असावी असे वाटते. प्रत्यक्षात 'मेहमान' शब्दाचे मूळ 'वसतिस्थान, मुक्काम' या अर्थाच्या इराणी शब्दात आहे. मुक्कामास आलेला तो मेहमान. मराठीने तेथे आपला 'पाहुणा' राखला, जो संस्कृत 'प्राघुण'पासून प्राकृतमार्गे आला आहे. म्हणजे मराठी घरात पाहुणा प्राकृत, यजमान संस्कृत आणि मेजवानी फारसी. आणि जेवण कशावर, हा प्रश्न विचारला तर आता 'टेबलावर' असे इंग्रजी उत्तर येते, 'मेज' ग्रांथिक होऊन बाजूला पडले आहे.

८

अखेर कोशांविषयी. मराठीच्या कोशपरंपरेस मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत (१९३२–३८) आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या मराठी व्युत्पत्ति कोशापर्यंत (१९४६) मोठा वारसा आहे. परकीय शब्दांच्या बाजूने रचलेल्या ग्रंथांत सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दप्रभावाचा ग्रंथ (१९१३) आणि पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश यांचे मोल वादातीत आहे. परंतु एका भाषेच्या काठावर उभे राहून रचलेल्या कोशाला एक मर्यादा असतेच. जो ज्या काठावर उभा असतो, त्याला नाव त्याच काठावरून सुटलेली दिसते. 'मेज', 'कमीज', 'साबण' यांसारख्या शब्दांवर दोन काठांचा हक्क असतो, आणि त्यांची नोंद दोन्ही बाजूंनी तपासूनच करावी लागते.

कोशातील कंसात 'फा.' किंवा 'पो.' एवढे एक अक्षर लिहून असे शब्द निकाली काढण्याची पद्धत आता सोडली पाहिजे. त्या अक्षराने वाचकास शब्द कोठून आला असे वाटते. वस्तुतः त्याला एवढेच कळते की तो कोणत्या भाषेतल्या शब्दासारखा दिसतो. 'मेजवानी' या नोंदीत किमान चार गोष्टी याव्यात : लगतचा स्रोत, म्हणजे फारसी 'मेज़बानी', घटना, म्हणजे 'मेज़्द' आणि 'बान', सगोत्र रूपे, म्हणजे अवेस्ता 'मियज़्द' व वैदिक 'मियेध', स्पष्टपणे सगोत्र म्हणूनच नोंदविलेली, आणि अर्थाचा प्रवास, म्हणजे अर्पणाकडून आतिथ्याकडे व आतिथ्याकडून जेवणाकडे. पाचवी गोष्ट म्हणून 'मेजावरचे जेवण' ही लोकव्युत्पत्तीही तिच्या नावासह नोंदवावी, कारण आज 'मेजवानी' म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते तिनेच रंगविले आहे.

पदव्युत्तर अभ्यासकास या एका जोडीपासून जी शिस्त मिळावयाची ती साधी आहे. दोन शब्द सारखे दिसले की प्रथम तारखा पाहाव्यात, मग घटना फोडावी, मग ध्वनिनियम लावावा, आणि या सर्वांच्या जोडीने वस्तूला विचारावे. मेजवानीच्या बाबतीत वस्तूने दिलेले उत्तर पाटावर बसून, जमिनीवरील पानाकडे पाहत दिलेले आहे. त्या पंक्तीत मेज नव्हते.